खेळाच्या इतिहासाची घरगुती साधने

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रुमालात बांधलेली दप्तरे, मोडीतील पत्रे, ताम्रपट, शिलालेख आणि फार तर जुन्या नाण्यांचा एखादा ढीग उभा राहतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून मराठी वाचकाला एवढे तरी पक्के ठाऊक झाले आहे की, अस्सल कागद सरकारी दप्तरात जितका सापडतो तितकाच तो एखाद्या सामान्य गृहस्थाच्या माळ्यावरही सापडतो, आणि पुष्कळदा तेथेच तो वाचलेला असतो. ह्या लेखात ज्या साधनांचा विचार करावयाचा आहे ती मात्र इतकी अलीकडची, आणि दिसायला इतकी क्षुल्लक आहेत, की त्यांना साधने म्हणावयास कोणी सहसा धजणार नाही. दूरदर्शनवर दाखविलेले खेळांचे सामने घरच्या यंत्रावर उतरवून ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटी, आणि त्या कॅसेटींची संग्राहकांनी आपसात केलेली अदलाबदल, हा तो विषय होय.

लष्करात बसून ह्या विषयावर लिहिण्यास एक कारण आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे शहर झाले. ‘लष्कर’ हे नाव त्या छावणीचेच आहे. ह्या गावाला खेळाचा नाद जुना. येथील क्रीडांगणाला कॅप्टन रूपसिंग ह्यांचे नाव आहे. रूपसिंग हे मेजर ध्यानचंदांचे धाकटे बंधू, ग्वाल्हेर संस्थानच्या लष्करी सेवेत होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा हॉकीत २४–१ असा पराभव केला, त्यातील दहा गोल एकट्या रूपसिंगांचे आणि आठ ध्यानचंदांचे. १९७७ साली ग्वाल्हेरातच रूपसिंगांचे देहावसान झाले. दहा हा आकडा आज शाळकरी मुलालाही सांगता येतो. परंतु ते दहा गोल कसे झाले, कोणता चेंडू कोणाकडून आला, प्रतिस्पर्धी कोठे चुकला, हे सांगावयास आपल्यापाशी काय आहे? आकडा उरला, खेळ गेला. पुढे ह्याच मैदानावर क्रिकेट आले. १९८८ पासून २०१० पर्यंत येथे पुरुषांचे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले, आणि ह्या वेळी खेळ धरून ठेवणारे यंत्र घराघरांत शिरू लागले होते. रूपसिंगांच्या खेळाला जे भाग्य लाभले नाही ते त्यांच्या नावाच्या मैदानाला लाभू शकले, ते त्या यंत्रामुळे.

यंत्राची हकिकत थोडक्यात अशी. सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स ही पद्धत बाजारात आणली आणि पुढल्याच वर्षी, १९७६ मध्ये, जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस आणली. दोहोंतही अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत असे. दोन जपानी पेढ्यांच्या ह्या झगड्यात व्हीएचएसचा विजय झाला. आपल्याकडे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीचे आशियाई खेळ एकदमच आले आणि त्या सुमारास श्रीमंतांच्या दिवाणखान्यात व्हीसीआर दिसू लागला. मालवण, कारवार, गोवा ह्या पट्ट्यातील वाचकांस हे अधिक सांगावयास नको. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या चुलत्या-मामांच्या सामानात हे यंत्र असे, आणि विमानतळावरील जकातीच्या गोष्टी ते पुढे वर्षभर सांगत असत.

तीन तासांच्या कॅसेटीत सुमारे अडीचशे मीटर फीत मावते. एकदिवसीय सामना चालावयाचा सात तास. म्हणजे एका सामन्याला तीन कॅसेटी लागत, किंवा फीत निम्म्या वेगाने फिरवून दोनांत काम भागवावे लागे. मात्र निम्म्या वेगाने चित्र मळकट येई. कोऱ्या कॅसेटीची किंमत मध्यमवर्गीय घराला जड वाटण्याजोगी होती. तेव्हा संपूर्ण सामना उतरविणे हा निर्णय सहज घेतला जात नसे. कोणीतरी यंत्रापाशी बसून कॅसेट बदलावी लागे, वीज जाणार नाही अशी प्रार्थना करावी लागे, आणि सामना संपल्यावर कॅसेटीच्या पाठीवरची प्लास्टिकची लहानशी जीभ मोडून टाकावी लागे. ती मोडली म्हणजे त्या फितीवर दुसरे काही उतरविता येत नाही. ती न मोडल्यामुळे किती घरांत सामन्यावर चित्रपट आणि मुंजीवर सामना चढला असेल त्याची गणती नाही. ह्या प्रकरणांतून उद्भवलेल्या गृहकलहाचे खटले सुदैवाने न्यायालयात येत नाहीत.

येथे कोणी विचारील की, ज्या संस्थेने प्रक्षेपण केले तिनेच ते जपून ठेविले असताना घरच्या अशा मळकट प्रतीचे महत्त्व ते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासच देतो. फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. ह्या दोन गुणांमुळे जगातील मोठमोठ्या प्रक्षेपणसंस्थांनी आपलाच वारसा आपल्या हाताने पुसला. बीबीसीने १९६० व १९७० च्या दशकांतील आपले अनेक कार्यक्रम असे नष्ट केले. आपले दूरदर्शनही त्याला अपवाद नव्हते. अमेरिकेतील उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. तेथील फुटबॉलचा पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ रोजी झाला. दोन राष्ट्रव्यापी वाहिन्यांनी तो एकाच वेळी दाखविला, आणि दोघांपैकी एकीनेही संपूर्ण फीत ठेविली नाही. पेन्सिल्व्हेनियातील एका गृहस्थाने मात्र आपल्या कामाच्या ठिकाणच्या यंत्रावर तो सामना उतरवून घेतला होता. २००५ साली ती फीत त्याच्या घराच्या माळ्यावर सापडली. वाहिन्यांकडे जे नव्हते ते माळ्यावर होते! तशीच दुसरी गोष्ट १९६० च्या बेसबॉलच्या जागतिक मालिकेतील अखेरच्या सामन्याची. गायक बिंग क्रॉस्बी हे पिट्सबर्ग संघाचे भागीदार. प्रत्यक्ष सामना पाहण्याचा ताण सोसवणार नाही म्हणून ते पॅरिसला निघून गेले, पण जाण्यापूर्वी त्यांनी त्या प्रक्षेपणाचे खाजगी चित्रीकरण करून घेण्याची व्यवस्था केली होती. त्या चित्रीकरणाची रिळे त्यांच्या घराच्या तळघरातून २००९ साली बाहेर आली.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी १७ धावांत बाद झाले असता कपिलदेव ह्यांनी १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या. त्या सामन्याचे चलचित्र कोठेही उपलब्ध नाही. त्या दिवशी बीबीसीत संप होता असे सांगतात. कारण काहीही असो; चित्रण झाले नाही, म्हणून प्रक्षेपण नाही, आणि म्हणून कोणा गृहस्थाच्या घरी त्याची फीत असण्याचाही संभव नाही. २०२१ साली ‘८३’ ह्या चित्रपटात ती खेळी नटांकडून पुन्हा करवून घ्यावी लागली. घरगुती फीत केवढी मोलाची असते, हे ती जेथे असूच शकत नाही तेथे अधिक कळते.

आता अदलाबदलीविषयी. एका माणसाला सगळे सामने उतरविणे शक्य नव्हते. कचेरी असे, परीक्षा असे, वीज जाई, आणि परदेशातील प्रक्षेपण तर आपल्या पडद्यावर येतच नसे. म्हणून ज्याच्यापाशी जे आहे ते त्याने दुसऱ्याला द्यावे आणि बदल्यात आपल्यापाशी नसलेले घ्यावे, असा व्यवहार जगभर आपोआप सुरू झाला. त्याचे साधन म्हणजे यादी. सामना, तारीख, स्थळ, कोणत्या वाहिनीचे प्रक्षेपण, किती तास, पूर्ण की संक्षिप्त, चित्राची प्रत कशी, ही सर्व माहिती वहीत लिहिलेली किंवा टंकलिखित केलेली असे, आणि तिच्या नकला टपालाने जात. उत्तरादाखल दुसऱ्याची यादी येई. मग दोघे आपापल्या पसंतीवर खुणा करीत आणि कॅसेटींची पार्सले निघत. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नसे अशा नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवावा, जुन्याने त्यांवर नक्कल उतरवून परत करावी. पैसे घेऊन विकणाऱ्याकडे ह्या मंडळींत तुच्छतेने पाहिले जाई. विद्येचा विक्रय करू नये ही आपली जुनी समजूत, ज्यांना तिचे नावही ठाऊक नव्हते त्या परदेशी संग्राहकांतही आपोआप रूढ झाली, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

परंतु ह्या व्यवहारात एक मोठी अडचण होती, आणि तिच्याविषयी ज्याने हस्तलिखित पोथ्या हाताळल्या आहेत त्याला लगेच सहानुभूती वाटेल. चुंबकीय फितीची नक्कल मूळ फितीएवढी स्वच्छ कधीच होत नाही. नकलेची नक्कल आणखी अंधूक. चौथ्या-पाचव्या हातची प्रत म्हणजे हिरव्या धुक्यात पळणाऱ्या पांढऱ्या आकृती. म्हणून जाणता संग्राहक पहिला प्रश्न विचारी तो हा की, ही कितवी प्रत? आपल्या मठांतून आणि देवालयांतून पोथ्यांच्या नकला करणाऱ्या लेखकांचे असेच होते. एकाने ‘ध’ चा ‘घ’ केला की पुढच्या दहा जणांनी तो इमाने उतरवावयाचा, आणि शेवटी पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या पंडिताने कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली ह्याची वंशावळ मांडावयाची. फितींचीही अशी वंशावळ मांडता येते. एखाद्या प्रतीत बाविसाव्या षटकात चित्रावरून आडवी रेघ गेली असेल, तर तीच रेघ दुसऱ्या गावच्या प्रतीत दिसताच दोघींची आई एक हे ओळखावे. आणि पोथीच्या बाबतीत जे खरे तेच येथेही: ज्या प्रतीची नक्कल कोणी केली नाही ती प्रत मूळ मालकाबरोबर नाहीशी झाली. कपाटात कुलूपबंद ठेवलेली सर्वांत स्वच्छ फीत आणि हातोहात फिरलेली सर्वांत मळकट फीत ह्यांपैकी टिकण्याचा संभव मळक्या फितीचा अधिक.

परदेशस्थ आप्तांची आणखी एक अडचण होती. आपल्याकडील चित्रपद्धती पाल नावाची, ६२५ रेषांची आणि सेकंदाला २५ चित्रांची. अमेरिकेतील एनटीएससी, ५२५ रेषांची आणि सुमारे ३० चित्रांची. त्यामुळे इकडून भावाने प्रेमाने पाठविलेला सामना न्यू जर्सीतील यंत्रात घातला की पडद्यावर नुसत्या लाटा! दोन्ही पद्धती जाणणारे यंत्र ज्या एका कुटुंबाकडे असे त्याच्या घरी रविवारी सारी मंडळी जमत.

एवढे सगळे करून जे जमले त्याची साधन म्हणून योग्यता काय? माझ्या मते ती फार मोठी आहे. परंतु ती पारखून घ्यावी लागते. वाहिन्या आज जे जुने सामने दाखवितात ते बहुधा संक्षिप्त असतात. चौकार, षटकार, गडी बाद, टाळ्या, पुन्हा चौकार. ही बखर झाली. बखरीत राजा कधी कंटाळत नाही आणि लढाईत दुपारी जेवणाची सुट्टी होत नाही. संपूर्ण फीत म्हणजे रोजकीर्द होय. तीत निर्धाव षटके आहेत, क्षेत्ररक्षणाची मांडणी आहे, समालोचकांची चुकलेली भाकिते आहेत, प्रेक्षकांचे कपडे आणि हातांतील फलक आहेत, मैदानाच्या कडेची दुकानांची नावे आहेत. कित्येक संग्राहक मोठ्या चोखंदळपणे जाहिरातींच्या वेळी यंत्र थांबवीत. त्यांच्या दृष्टीने ती फीत शुद्ध झाली. इतिहासकाराच्या दृष्टीने त्यांनी दप्तरातील अर्धे कागद टाकून दिले. १९९६ साली घरात कोणता साबण यावा आणि कोणते शीतपेय प्यावे ह्याविषयी देशाला काय सांगितले जात होते, हे त्या जाहिरातींतच होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हरलेला सामना कोण जपतो? फीत महाग, म्हणून पराभवावर पुढचा विजय चढविला जाई. आमच्याच मैदानाचे उदाहरण घ्यावे. २१ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात भारताने वेस्ट इंडीजला येथे हरविले; सचिन तेंडुलकर ह्यांच्या ७० धावा होत्या. त्या सामन्याच्या फितीला मागणी आहे. परंतु २८ मे १९९८ रोजी ह्याच मैदानावर केनियाने भारताला ६९ धावांनी पराभूत केले. केनियाच्या क्रिकेटच्या इतिहासात तो सोन्याचा दिवस. आपल्या घरांतील फितींवर मात्र त्याला जागा मिळणे कठीण. अठराव्या शतकातील दरबारी लेखकाने जे बुद्धिपुरस्सर केले तेच आपण कोऱ्या कॅसेटीच्या किमतीपायी केले. अशा वेळी परकीय संग्राहकाशी झालेली अदलाबदल उपयोगी पडते, कारण आपला पराभव त्याच्या यादीत विजय म्हणून सुरक्षित असतो. १९८९ च्या नेहरू चषकात मडगावला ऑस्ट्रेलिया–श्रीलंका आणि ग्वाल्हेरला इंग्लंड–वेस्ट इंडीज असे सामने झाले. ह्या दोहोंत भारत नव्हता. असे सामने येथे कोणी समग्र उतरविले असतील तर त्या गृहस्थास नमस्कारच केला पाहिजे. परंतु लंडन, बार्बाडोस अथवा मेलबर्न येथील यादीत त्यांचा शोध घेणे अधिक शहाणपणाचे.

४ आणि ५ मार्च १९९३ ह्या दोन दिवसांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. त्या लागोपाठच्या दोन दिवशी भारत–इंग्लंड असे दोन एकदिवसीय सामने ह्या एकाच मैदानावर झाले आणि दोन्ही भारताने जिंकले. पहिल्यात नवज्योतसिंग सिद्धू ह्यांच्या नाबाद १३४ धावा, दुसऱ्यात महंमद अझरुद्दीन ह्यांच्या नाबाद ९५. खेळ उत्कृष्ट होताच. परंतु कायद्याच्या विद्यार्थ्याला त्या मालिकेत दुसरेच आकर्षण आहे. तोपर्यंत दूरदर्शन सामने दाखविण्यासाठी क्रिकेट मंडळाकडूनच खर्च मागत असे. ह्या मालिकेचे हक्क मंडळाने एका परदेशी कंपनीला विकले आणि आपल्याच देशातील सामने दाखविण्यासाठी दूरदर्शनला त्या कंपनीला पैसे मोजावे लागले. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष होते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. म्हणजे प्रक्षेपण ही विकाऊ मालमत्ता आहे असे ज्या मालिकेत ठरले तिचे दोन सामने अध्यक्षांच्याच गावी झाले! त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगालच्या हीरो चषकावरून वाद चिघळला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे व तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. २००७ साली संसदेने कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे प्रक्षेपण प्रसारभारतीस वाटून देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक केले.

ह्या मोठ्या हत्तींच्या झुंजीत घरी बसून फीत उतरविणाऱ्या गृहस्थाचे कायद्यातील स्थान कोणते? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न बीटामॅक्स यंत्राच्याच निमित्ताने आला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने असे ठरले की, कार्यक्रम पुढे सवडीने पाहण्यासाठी घरी उतरवून घेणे हा अपराध नव्हे. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर घरोघरचे यंत्र बेकायदेशीर ठरण्याच्या वाटेवर गेले असते. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम ३७ अन्वये प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला पंचवीस वर्षांचा खास हक्क मिळतो. कलम ३९ सांगते की, जो उतरवून घेतो त्याच्या स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा त्या हक्काचा भंग नाही. आता शब्द बारकाईने पाहावेत. ‘उतरविणाऱ्याच्या’ खाजगी उपयोगासाठी! मी माझ्यासाठी उतरविले तोवर मी निर्दोष. त्याची नक्कल मी पुण्याच्या मित्राला दिली आणि त्याने मला दुसऱ्या सामन्याची दिली, तर ती नक्कल कोणाच्या उपयोगासाठी झाली? विक्री निषिद्ध आहे ह्यात संशय नाही. पैशांवाचून झालेली अदलाबदल कायद्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. धड आत नाही, धड बाहेर नाही. माझे मत विचाराल तर, ज्यातून कोणाचा एक रुपयाही बुडाला नाही आणि जे मूळ धन्यानेच पुसून टाकले ते जपणाऱ्यास अपराधी म्हणणे न्यायास धरून होणार नाही. परंतु हे माझे मत झाले, कायदा नव्हे.

पहिल्या सुपर बोलच्या फितीचे पुढे काय झाले ते येथे सांगणे उचित होईल. ती ज्याच्या घरी सापडली त्याच्या कुटुंबाने तिच्यासाठी दहा लक्ष डॉलर मागितले. फुटबॉल संघटनेने तीस हजार देऊ केले आणि बजावले की, फीत तुमची असली तरी तिच्यातील सामना आमचा आहे. ती परस्पर विकाल तर न्यायालयात गाठ पडेल. जगातली एकमेव प्रत, आणि तिच्या धन्याला ती दाखविता येत नाही. देव एकाचा आणि देऊळ दुसऱ्याचे असे तंटे आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांना अपरिचित नाहीत. हा त्यातलाच प्रकार.

सुदैवाने काळ हा संग्राहकाचा पक्षकार आहे. पंचवीस वर्षे प्रक्षेपणाच्या पुढल्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. त्या हिशेबाने १९८८ च्या ग्वाल्हेरच्या पहिल्या सामन्याचा प्रक्षेपणहक्क २०१३ अखेर सरला, १९९३ च्या दोन सामन्यांचा २०१८ अखेर, १९९६ च्या विश्वचषकाचा २०२१ अखेर, आणि केनियाच्या विजयाचा २०२३ अखेर. मात्र सावधगिरीची एक सूचना येथे दिली पाहिजे. वाहिनीने स्वतः जपलेल्या चित्रणावर चित्रपट म्हणून साठ वर्षांचा वेगळा हक्क सांगितला जाऊ शकतो. तेव्हा फितीचा व्यापार मांडण्याच्या फंदात कोणी पडू नये. जतन करणे, अभ्यासकास दाखविणे, एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करणे, एवढ्या मर्यादेत राहणारास भिण्याचे कारण फारसे नाही.

भय आहे ते निराळे. चुंबकीय फीत अमर नाही. कोकणातील दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी चढते. आमच्याकडे ग्वाल्हेरात धूळ आणि उन्हाळा तिचा घास घेतात. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालू नये, कारण यंत्राचे चुंबकीय टोक खराब होते आणि ते पुढच्या प्रत्येक फितीला बाधते. कॅसेटी आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या, वर्षातून एकदा पुढे-मागे फिरवून घ्याव्या. पण मुळात यंत्रच मिळेनासे झाले आहे. बीटामॅक्सची यंत्रे सोनीने २००२ साली आणि कॅसेटी २०१६ साली बंद केल्या. व्हीएचएसची यंत्रे करणारी अखेरची जपानी कंपनी फुनाई हिनेही जुलै २०१६ मध्ये हात आखडता घेतला. मेलबर्नचे रॉब मूडी ह्यांनी लहानपणापासून उतरविलेले क्रिकेट संगणकावर घेऊन इंटरनेटद्वारा जगापुढे मांडले. हक्कदारांनी त्यातील काही वेळोवेळी काढावयास लावले, तरीही १९८० च्या दशकातील क्रिकेटविषयी ज्याला काही पाहावयाचे आहे तो आज त्यांच्याच दाराशी जातो. आपल्याकडे असे कोणी नाही अशी तक्रार मी करणार नाही. आपल्याकडील फिती अद्याप मोजल्याच गेलेल्या नाहीत, एवढेच म्हणतो.

२४ फेब्रुवारी २०१० रोजी रूपसिंग मैदानावर सचिन तेंडुलकर ह्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील ते पहिले द्विशतक. स्त्रियांमध्ये बेलिंडा क्लार्क हिने ते १९९७ सालीच मुंबईत केले होते. त्या दिवसाची चित्रे जगभर आहेत, ती हरवण्याचे भय नाही. त्यानंतर मात्र ह्या मैदानावर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला नाही, आणि ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत–बांगलादेश सामना झाला तो शंकरपूरच्या नव्या, माधवराव शिंद्यांच्या नावाच्या मैदानावर. जुन्या मैदानाचे दप्तर आता बंद झाले आहे, आणि त्यातील आधीच्या बावीस वर्षांचे कागद घराघरांत विखुरलेले आहेत.

ज्या वाचकांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी प्रथम वरच्या चिठ्ठ्यांवरील अक्षर उतरवून घ्यावे. शाई फितीच्या आधी उडते. मग चालते यंत्र कोणाकडे आहे ह्याचा आपल्या ज्ञातिबांधवांत, देवस्थानाच्या कार्यालयात, उत्सवाचे चित्रीकरण करणाऱ्या जुन्या व्हिडिओवाल्याकडे शोध करावा. संगणकावर फीत उतरविताना तिला घाई करता येत नाही. तीन तासांच्या फितीला तीन तासच लागतात. ४ व ५ मार्च १९९३ चे दोन्ही सामने कोणाकडे पूर्ण असतील, तर त्याला पुन्हा दोन दिवस तसेच बसावे लागेल, आणि दर तीन तासांनी कॅसेट बदलावयास उठावे लागेल.